अकरा वर्षांची वॅगन आर आणि ‘इन्स्पेक्शन क्लिअर’ची गोष्ट

प्रश्न बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका शिक्षिकेचा आहे. शाळेसाठी आणि सासूबाईंना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी त्यांना जुनी गाडी घ्यायची आहे. दलालाने दाखवलेली वॅगन आर जुलै २०१४ची, कंपनीनेच सीएनजी बसवलेली, जीजे-०६ म्हणजे बडोद्याचं पासिंग, सध्या दुसऱ्या मालकाच्या नावावर. मीटरवर ७२ हजार किलोमीटर, भाव २ लाख ४० हजार. ‘बेन, इन्स्पेक्शन बधुं क्लिअर छे,’ असं दलालाचं म्हणणं. बाईंनी काही इंग्रजी व्हिडिओ पाहिले. त्यात सांगतात की गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाका आणि आधीच्या सगळ्या तपासण्या वाचा. म्हणून त्यांनी एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला. तिथे फिटनेससमोर जुलै २०२९ अशी तारीख दिसली. त्या विचारतात, ‘गाडी २०२९ पर्यंत फिट आहे असं समजायचं का? आणि मागच्या तपासण्या कुठे दिसतात?’ सोबत त्यांनी आरसी, पीयूसी, विम्याचं पहिलं पान आणि दलालाचा एक पानी रिपोर्ट यांचे फोटो पाठवलेत.

मी बडोद्यात २६ वर्षं मोटर विम्याचा सर्वेअर म्हणून काम केलं. अपघात, आग, पूर, काहीही झालं की गाडीपाशी जाऊन किती मोडलंय आणि किती आधीचंच मोडलेलं आहे हे ठरवायचं, हे ते काम. त्यामुळे माझं उत्तर मेकॅनिकपेक्षा थोडं निराळं येईल. मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकतो. मला आधी तारखा वाचायची सवय आहे.

पहिल्यांदा २०२९ची गोष्ट, कारण तिथे पुष्कळ शिकलेली माणसंही फसतात. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची होते. शोरूममधून नवी गाडी निघते त्या दिवशी जी नोंद पडते, तिच्यातच ‘१५ वर्षं चालेल’ हे धरलेलं असतं. जुलै २०१४मध्ये १५ मिळवले की जुलै २०२९. त्या तारखेमागे एवढा एकच हिशोब आहे. मधल्या अकरा वर्षांत कुणा अधिकाऱ्याने गाडीखाली वाकून पाहिलं, ब्रेक दाबून बघितले, असं काहीही झालेलं नाही आणि व्हायचंही नव्हतं. खासगी गाडीची खरी सरकारी पाहणी पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर, फॉर्म २५ भरून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची वेळ येते तेव्हा होते. एप्रिल २०२२पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेली आहे. म्हणजे तुम्ही ही गाडी घेतलीत तर तिची पहिली सरकारी पाहणी तुमच्याच हातून, २०२९मध्ये होईल!

व्हिडिओ खोटे नाहीत, फक्त ते इंग्लंडचे आहेत. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी सक्तीची तपासणी असते, आणि नंबर टाकला की कोणत्या वर्षी कशात नापास झाली, मीटरवर तेव्हा किती मैल होते, हे फुकट वाचता येतं. जपानमध्येही नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासणी आहे. आपल्याकडे अशी नियमित तपासणी होते ती टॅक्सीची. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तिचं फिटनेस करून घ्यावं लागतं. आपण पिवळ्या पाटीच्या गाडीला नाक मुरडतो, पण कागदोपत्री तिचीच तब्येत जास्त वेळा पाहिलेली असते. (सीएनजी वॅगन आर टॅक्सीत पुष्कळ चालली, म्हणून आरसीवर वाहनाचा वर्ग ‘मोटर कार’ आहे ना, हे बघून घ्या. टॅक्सीची खासगी करून घेतलेली असेल तर जुने फिटनेस दाखले मागा. ते असायलाच हवेत.)

एकूण काय, तुम्ही शोधताय तो इतिहास एका जागी लिहिलेला नाही. तो तुकड्यातुकड्यांत पडलेला आहे: पीयूसी, विमा, सर्व्हिसची बिलं, सीएनजी सिलिंडरची टेस्ट, पोलिसांचे मेमो म्हणजे दंडाची चलनं. एक कोरा कागद घ्या, त्यावर २०१४ ते २०२५ अशी वर्षं एकाखाली एक लिहा आणि जो कागद हाती येईल त्याची तारीख त्या त्या वर्षासमोर टाका. मी दाव्याच्या फायलीत हेच करत असे. कागद खोटा बनवणारे भेटतात. पण पाच निरनिराळ्या ठिकाणच्या तारखा एकमेकींशी जुळवून आणणारा अजून भेटला नाही. आणि कागदांपेक्षा जास्त बोलतात त्या मधल्या रिकाम्या जागा.

तुमच्या चार फोटोंवरून मी ते करून पाहिलं. आरसीवर दुसऱ्या मालकाचं नाव चढलं फेब्रुवारी २०२५मध्ये. पीयूसी जानेवारी २०२५ची. विमा जानेवारी २०२५पासूनचा, तोही फक्त थर्ड पार्टी. म्हणजे जे आहे ते सगळं जानेवारी २०२५नंतरचं, आणि त्याआधी एकदम जुलै २०१४. मधली साडेदहा वर्षं कोरी. दलाल म्हणतो की जुन्या मालकाने फाइल दिली नाही. असं होतं, नाही असं नाही. पण बडोद्यात कुणी मला ‘जानेवारी २०२५पासूनचेच कागद आहेत’ म्हटलं की माझं लक्ष आपोआप त्याच्या आधीच्या ऑगस्टकडे जातं.

२६ ऑगस्ट २०२४, जन्माष्टमी. तुम्ही मांजलपूरच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. वरून पाऊस, मागून सयाजीरावांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या आजवा तलावाचं पाणी, आणि विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर. समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, कितीतरी ठिकाणी पार्किंगमधल्या गाड्या दोन-दोन, तीन-तीन दिवस पाण्यात उभ्या होत्या. अंगणात मगरी आल्या त्याच्या बातम्या झाल्या. गाड्यांत गाळ आला त्याचे नुसते दावे झाले. त्याआधी ३१ जुलै २०१९लाही असंच झालं होतं. २०१४ची बडोद्याची गाडी या दोन्ही पुरांच्या वेळी शहरात असू शकते. म्हणून इथल्या गाडीसाठी माझा पहिला प्रश्न ‘ॲक्सिडेंट झालाय का’ हा नसतो. ‘त्या आठवड्यात गाडी कुठे उभी होती’ हा असतो.

पुरात बुडालेली गाडी पुन्हा बाजारात येते कशी, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढची शोधाशोध कशासाठी ते लक्षात येईल. दहा वर्षांच्या वॅगन आरची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, समजा १ लाख ८० हजार आहे. दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे १ लाख ३५ हजारांवर गेला, की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. पाणी सीटच्या वर गेलं असेल तर अधिकृत वर्कशॉपचा अंदाज ती रेषा सहज ओलांडतो: वायरिंग, कंट्रोल युनिट, सीट, गालिचा, स्टार्टर, अल्टरनेटर. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा बोली लावणाऱ्याकडे जातो. हा बोलीवाला वर्कशॉपच्या दराने काम करणार थोडाच! सीट उन्हात वाळवतो, वायरिंग फुंकून कोरडं करतो, गालिचा नवा टाकतो, आणि ३०-४० हजारांत गाडी चालू करतो. महिना-दोन महिने ती छान चालतेही. मग पावसाळ्यात कनेक्टरमधला हिरवा गंज जागा होतो आणि आज पॉवर विंडो बंद, उद्या फॅन बंद, परवा सिग्नलला गाडीच बंद. दुसरा प्रकार त्याहून अवघड, आणि जुन्या गाड्यांत जास्त आढळतो: विमा फक्त थर्ड पार्टी होता. अशा विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावाच होत नाही, सर्वेअर येत नाही, फोटो निघत नाहीत. गाडी बुडाली याची कुठेच नोंद नाही. झाकली मूठ.

म्हणून विम्याच्या पानापासून सुरुवात करा. पॉलिसीवर बहुधा आधीच्या कंपनीचं नाव, आधीचा पॉलिसी नंबर आणि ती कधी संपली याचे रकाने असतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पान खाली कापलं गेलंय, पूर्ण पान मागवा. त्या नंबरवरून आधीची पॉलिसी, तिच्यावरून तिच्या आधीची, अशी साखळी मागे नेता येते. रकाना रिकामा असेल तर विमा खंडित झाला होता, एवढं तरी कळलं. एक बारीक गोष्ट सांगतो: पूर्ण विमा खंडित झाल्यावर पुन्हा घ्यायचा तर कंपनी आधी गाडी बघते, फोटो काढते. थर्ड पार्टीला सहसा कुणी बघत नाही. तुमच्या गाडीत खंड आणि थर्ड पार्टी दोन्ही एकत्र आले असतील, तर जानेवारीत ती गाडी कोणीही पाहिलेली नाही.

आधीची पूर्ण पॉलिसी मिळाली तर नो क्लेम बोनसचा रकाना वाचा. दावा न करता पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. सात-आठ वर्षांच्या गाडीला बोनस शून्य असेल तर मागच्या वर्षी दावा झालाय किंवा विमा ९० दिवसांहून जास्त खंडित होता. दोन्ही विचारण्यासारख्या गोष्टी. उलट ५० टक्के दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण बोनस हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून तो या गाडीवर आणता येतो. माझ्याकडे एक फाइल आली होती, गाडी घेऊन चार महिने झालेले आणि बोनस ५० टक्के; त्या गाडीची मागची चेसिस पार वेल्डिंग केलेली. दाव्यांचा नक्की तपशील हवा असेल तर ज्या मालकाच्या नावावर पॉलिसी होती त्याने कंपनीला दोन ओळींचा ईमेल करायचा. दलालाने ‘ते कशाला’ म्हटलं तर कुठेतरी पाणी मुरतंय. इथे तर अक्षरशः. आणि दावा ५० हजारांचा किंवा त्याहून मोठा असेल तर परवाना असलेल्या सर्वेअरचा रिपोर्ट झालेलाच असतो, त्यात त्या दिवशीचं मीटर लिहिलेलं असतं.

आता सीएनजी. ही तुमच्या गाडीची लंगडी बाजू वाटेल, पण इतिहास काढायला माझ्या मते सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट सक्तीची आहे. मान्यताप्राप्त केंद्रात सिलिंडर गाडीतून बाहेर काढून पाण्याच्या दाबाने तपासतात आणि दाखला देतात. खासगी गाडीच्या बाबतीत ठरलेल्या वेळाने होणारी, एखादा भाग खरोखर उतरवून केलेली ही एकच तपासणी. २०१४च्या गाडीला २०१७, २०२० आणि २०२३ असे तीन दाखले हवेत, चौथी टेस्ट २०२६मध्ये येईल. २०२०चा दाखला उशिराचा असेल तर समजून घ्या, ते वर्षच तसं होतं. २०२३चा मात्र हवाच. गॅस भरायच्या तोंडाजवळ पट्टी असते, तिच्यावर सिलिंडरचा नंबर आणि टेस्टची तारीख असते. डिकीत वाकून सिलिंडरवर कोरलेला नंबर तिच्याशी आणि दाखल्याशी ताडून बघा. २०२३मध्ये दाखला घेतला आणि सव्वा वर्षातच पुन्हा, म्हणजे २०२४च्या शेवटी दुसरा घेतलेला दिसला, तर मुदत नसताना सिलिंडर का उतरवला हे विचारा. सिलिंडरच्या पट्ट्याखाली, रबराच्या कडेला बोट फिरवा. वरवर रंगवलेल्या गाडीत गाळ तिथे हमखास शिल्लक राहतो, कारण धुणारा माणूस सिलिंडर उचलत नाही.

७२ हजार किलोमीटरकडेही याच अंगाने बघा. सव्वाअकरा वर्षांत ७२ हजार म्हणजे वर्षाला साधारण ६,४००, दिवसाला साडेसतरा. एवढंच चालवणारा माणूस मुळात जास्त पैसे मोजून, डिकी गमावून, पंपावर रांगेत उभं राहायला सीएनजी घेईल का? घेईलही, आपल्या शहरात हौशी लोकांना तोटा नाही. पण शंका घ्यायला जागा आहे. डिजिटल मीटर मागे घेणं आज अर्ध्या तासाचं काम झालंय, म्हणून मीटर बघूच नका. मीटरचे साक्षीदार बघा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जी सर्व्हिस झाली तिचं जॉबकार्ड कॉम्प्युटरवर नोंदणी नंबराशी जोडलेलं असतं आणि त्या दिवशीचे किलोमीटर त्यावर असतात. विकणाऱ्याला घेऊन जा, पैसे भरून साधी तपासणी करून घ्या, आणि काउंटरवरच्या मुलाला मागच्या भेटीची तारीख आणि किलोमीटर तेवढे विचारा. २०१८मध्ये ८१ हजार निघाले तर विषयच मिटला. याशिवाय बॉनेटखाली किंवा दाराच्या कडेला ऑइल बदलल्याचं स्टिकर, बॅटरीचं वॉरंटी कार्ड, टायरचं बिल, यांवरही आकडे सापडतात. टायरच्या बाजूला चार आकड्यांची खूण असते: २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ७२ हजारांत टायरचा तिसरा संच लागला असेल तर ते टायर उगाच झिजले नाहीत.

फास्टॅगचं स्टेटमेंट मागायचं बहुतेकांना सुचत नाही. ते खातेदाराचं असतं, त्यामुळे तो देईलच असं नाही, पण दिलं तर त्याच्याइतका सरळ साक्षीदार दुसरा नाही. अहमदाबादचा एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा. आठवड्याला जाऊन-येऊन दोन फेऱ्या दिसल्या तर वर्षाचा आकडा तिथेच १९ हजारांवर जातो. मेमोंचंही तसंच. ई-चलनच्या साइटवर नंबर टाका. आपण ‘दंड बाकी आहे का’ एवढंच बघून साइट बंद करतो. थांबून तारखा, वेळा आणि जागा वाचा. कॅमेऱ्याने काढलेला फोटो दिसत असेल तर उत्तमच, त्या दिवशीचा बंपर, पाटीचा रंग, छतावरचा कॅरियर, सगळं आलं. मे, जून, जुलै २०२४ असे मेमो आहेत आणि ऑगस्टनंतर जानेवारीपर्यंत एकही नाही, तर तुमच्या कागदावर त्या रिकाम्या जागेभोवती लाल पेनाने गोल करा.

पीयूसीवर मी फारसा विसंबत नाही. नळी सायलेन्सरमध्ये न घालताच निघालेल्या पावत्या मी पाहिल्यात. बीएस ही धुराची सरकारी मानकं; बीएस-४ गाडीला पीयूसी वर्षाची मिळते, जुन्या बीएस-३ला सहा महिन्यांची. २०१४ हे दोन्हींच्या संधिकालातलं वर्ष, तेव्हा आरसीवर काय लिहिलंय ते बघा आणि मुदत त्याप्रमाणे आहे का तेवढं ताडा. जुन्या पावत्यांचा उपयोग तारखेपुरता आणि पाटीच्या फोटोपुरता.

दलालाच्या एक पानी रिपोर्टबद्दल. त्यात चाळीस ठिकाणी बरोबरच्या खुणा आहेत आणि एकही आकडा नाही. ब्रेक पॅड किती उरलेत, बॅटरी किती व्होल्टची, टायरची खोली किती, काही नाही. कुणी पाहिलं त्याचं नाव नाही, तारीखही नाही. असल्या कागदाला माझ्या वरिष्ठांनी परत पाठवलं असतं, आणि मला सोबत. कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांत यापेक्षा बरे रिपोर्ट मिळतात, पण तेही त्या एका दिवसापुरते असतात. ते वाचून गाडी काल कुठे होती हे कळत नाही.

तुमचा स्वतःचा मेकॅनिक न्या आणि त्याला स्कॅनर आणायला सांगा. बिघाडाचे कोड ‘शून्य’ आले की लोक खूश होतात; पण बहुतेक स्कॅनरवर आणखी एक ओळ असते, कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली त्याची. ती ओळ मुद्दाम वाचा. तिथे ४ किलोमीटर दिसले तर तुम्ही येणार म्हणून सकाळीच कोड पुसलेत.

पुराच्या खुणांसाठी मात्र यंत्र लागत नाही, टॉर्च आणि जुने कपडे पुरतात. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत ओढा. बेल्टचा आतला भाग कुणी धूत नाही. पाण्याची रेषा असेल तर तिथे पिवळट पट्टा सापडतो. सीट मागे-पुढे करून रुळांवरचा आणि खालच्या स्क्रूंवरचा गंज बघा. अकरा वर्षांच्या गाडीला थोडा गंज असणारच, पण चारही सीटखाली एका उंचीपर्यंत सारखाच असेल तर तो हवेचा नाही. गालिचा कोपऱ्यातून उचला, खालचा जाड नमदा चिमटीत दाबा. स्टेपनीच्या खड्ड्यात, दारांच्या खालच्या निचऱ्याच्या भोकांत काडी घाला. अकरा वर्षांच्या गाडीत गालिचा कोरा करकरीत, सीटकव्हर नवी आणि परफ्यूमचा घमघमाट असेल तर कौतुक करण्याआधी थांबा. हेडलाइटच्या आत वाळलेल्या पाण्याचे ओघळ दिसतात का तेही पाहा. काचांवर कोपऱ्यात वर्षाची खूण असते, सगळ्या एकाच वर्षाच्या आहेत ना? एखादी निराळी असेल तर त्या बाजूला काहीतरी झालं होतं. दगडही असू शकतो, ट्रकही.

२०१९च्या पुरानंतर मी स्वतः यात चुकलोय. साडूसाठी एक सेडान पाहिली, इंजिन खणखणीत, रंग मूळचा, म्हणून ‘घ्या’ म्हटलं. बेल्ट ओढला नाही. घाई होती, खंडेराव मार्केटसमोर गाडी कशीबशी लावलेली आणि मागून हॉर्न. पुढच्या जूनमध्ये त्या गाडीचे वायपर आपोआप चालू व्हायला लागले. साडू अजून लग्नकार्यात ती गोष्ट सांगतो.

आणखी एक, तुमच्या गाडीशी संबंध नसलेलं. बाजारात स्वस्त शेवरले बऱ्याच दिसतील, टवेरा, क्रूझ. हालोलच्या कारखान्यातल्या, म्हणजे आपल्या अंगणातल्याच. पण कंपनीने २०१७च्या शेवटी भारतात विक्री बंद केली. जुनी जॉबकार्डं मिळवणं तिथे कठीण, मग मालकाने स्वतः जपलेली फाइल असेल तरच पुढे जा.

चोरीची गाडी नाही ना, यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या साइटवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून दाखला काढता येतो, तो काढा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी, पैसे नंतर. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, तुम्ही ३० दिवसांत अर्ज करायचा. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. तुमच्या दलालाकडे ते आहे का, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ज्याच्या नावावर गाडी चढली तो दलालाचा कोण लागतो, हे दोन प्रश्न सहज चहा पिता पिता विचारा. दुसरा मालक गाडी आठ-नऊ महिन्यांतच का विकतोय हे त्यातच निघेल.

माझं मत विचाराल तर पहिल्या मालकाशी पाच मिनिटं बोलल्याशिवाय टोकन देऊ नका. त्याचं नाव जुन्या पॉलिसीवर सापडेल. त्याने ‘पुरात आमच्या सोसायटीत पाणी आलंच नाही, मी नोव्हेंबरमध्ये परदेशी मुलाकडे गेलो म्हणून विकली’ असं सांगितलं, २०२३चा सिलिंडरचा दाखला हाती आला आणि वर्कशॉपचे किलोमीटर जुळले, तर गाडी बघण्यासारखी आहे, आणि थर्ड पार्टी विमा व उरलेली पावणेचार वर्षांची नोंदणी दाखवून भाव खाली आणता येईल. ऑगस्ट २०२४ ते जानेवारी २०२५ या पाच महिन्यांचं उत्तर मात्र नुसतं तोंडी आलं तर मी घेणार नाही, दोन लाखांतही नाही. त्याच पैशात बाराव्या वर्षाची, पण मळकट गालिच्याची आणि फाइल फाटेपर्यंत जपलेली गाडी मिळते.

घेतलीत तर एक काम त्याच दिवशी करा. ताबापावतीवर नुसती तारीख टाकू नका, वेळही लिहा, घड्याळ बघून, दोघांच्या सह्या घ्या आणि मीटरचा फोटो काढा. गाडी दुपारी साडेचारला तुमच्या ताब्यात येते, आणि पंधरा दिवसांनी काळा घोडा सिग्नलचा त्याच दिवशीचा, दुपारी अडीचचा मेमो येतो.